वादळ गेलं, आता कशाचे फोटो?

कोल्हापूरच्या शाहू स्मारक भवनात माझ्या फोटोंचं प्रदर्शन लागलं की कोणी ना कोणी विचारतंच, "वादळाला वर्षं झाली. आता कोकणात जाऊन कशाचे फोटो काढता?" तुम्हीही विचारलंत, म्हणून सांगतो.

निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, दिवेआगर, हरिहरेश्वर या पट्ट्यात नारळी-पोफळीच्या वाड्या आडव्या झाल्या. मोडलेल्या झाडांचे फोटो तेव्हा सगळीकडे छापून आले. नुकसान मात्र तिथून पुढे सुरू झालं. टिकलेल्या वाडीत भर दुपारी फोटो काढायचा तर कॅमेऱ्याचा आयएसओ, म्हणजे उजेड टिपण्याची संवेदनशीलता, वाढवावी लागते, इतकी गर्द सावली. पडलेल्या वाडीत त्याच वेळी डोळे दिपतात. ती सावली गेली की खालची जायफळं करपतात. मिरीचा वेल ज्या खोडावर चढायचा, ते खोडच उरत नाही. नवी पोफळ लावली तरी सुपारी धरायला पाच-सहा वर्षं जातात, बाणवली या उंच जातीच्या नारळाला त्याहून जास्त. तोवर घर कशावर चालवायचं?

सरकारने फळबागांची मदत हेक्टरी ५० हजार रुपये केली. पण तिथे वाडी गुंठ्यांत मोजतात. हेक्टरचे साधारण शंभर गुंठे, म्हणजे गुंठ्याला ५०० रुपये. दहा गुंठेवाल्याने पाच हजारांत आडवी झाडं तोडून बाहेर काढायची, की रोपं आणायची? उडालेल्या पत्र्यांच्या फोटोत हा हिशेब दिसत नाही. म्हणून मी त्याच माणसांना, त्यांच्याच वाडीत, त्याच जागी दरवर्षी टिपतो. कोणी नको म्हणालं तर कॅमेरा पिशवीतून काढत नाही.

आपल्याला हे परकं वाटू नये. २०१९ च्या पुरात कोल्हापूरजवळच्या चिखली-आंबेवाडीचे फोटो देशभर गेले. पाणी उतरल्यावर ओल्या भिंतींचे फोटो कितीजणांनी काढले?

एक मागणं आहे. कोल्हापुरातली कितीतरी कुटुंबं २०२० च्या आधी दिवेआगर-हरिहरेश्वरला सहलीला जाऊन आली आहेत. तुमच्या अल्बमात मागे एखादी वाडी दिसत असेल, तर त्या फोटोची प्रत मला द्या. रोजच्या वाडीचा फोटो वाडीवाले सहसा काढून ठेवत नाहीत, त्यामुळे आधीचं दाखवायला पुष्कळांकडे काहीच नाही. तुमचे चेहरे मी छापणार नाही, मला मागची झाडं हवी आहेत.