‘सेरेनाड’साठी सहावी तार खाली

रविवार, रात्री उशिरा.

संगीतकार शूबर्टचं ‘श्टेंडशेन’ गिटारवर बसवायला घेतलंय. लोकांच्या ओठांवर ते नुसतं ‘सेरेनाड’. १८२८ सालचं गाणं, शब्द लुडविग रेलश्टाबचे. त्याच वर्षी नोव्हेंबरात शूबर्ट गेला, आणि १८२९ मध्ये व्हिएन्नाचा प्रकाशक हास्लिंगर याने ते ‘हंसगीत’ या संग्रहात छापलं. रात्रीच्या वेळी प्रेयसीची विनवणी चाललीय आणि खाली पियानो मात्रेला दोन अशा तुटक स्वरांत चक्क गिटारची नक्कल करतोय. म्हणजे गिटारवर आणणं हे माहेरी आणल्यासारखंच. पण पियानोवर दोन हात फक्त साथीला असतात. इथे गळाही मीच आणि साथही मीच.

सूर मूळचाच ठेवलाय, डी मायनर. सहावी, म्हणजे सगळ्यांत जाड तार ईवरून डीला उतरवली की खर्ज, म्हणजे तळाचा स्वर, मोकळ्या तारेवर मिळतो. पहिली ओळ ए, बी फ्लॅट, ए आणि मग वर डी. पहिल्या, सगळ्यांत बारीक तारेवर पाचव्या फ्रेटपासून (फ्रेट म्हणजे दांड्यावरची धातूची पट्टी) निघून दहाव्यापर्यंत जायचं. खर्ज मोकळा असल्याने डावा हात सुटा राहतो, ही झेप अगदी सुखाने होते.

खरी गंमत पुढच्याच बारमध्ये, म्हणजे मात्रांच्या पुढच्या गटात. खर्जात बी फ्लॅट येतो, आणि वरची चाल जी, ए, जी करून पुन्हा त्याच डीवर जाते. पाचव्या तारेच्या पहिल्या फ्रेटवर बी फ्लॅट धरला, तर डीपर्यंत हात पोचणार कसा? खर्ज मधेच सोडून द्यावा लागतो, आणि ते कानाला फार लागतं. आज संध्याकाळी उत्तर सापडलं. आठव्या फ्रेटवर बॅरे, म्हणजे एकच बोट सगळ्या तारांवर आडवं. उतरवलेल्या सहाव्या तारेवर तिथेच बी फ्लॅट मिळतो, दुसऱ्या तारेवर जी आणि ए, पहिलीवर दहाव्या फ्रेटला डी. तिसऱ्या तारेवर नवव्या फ्रेटचा ई धरला की कॉर्डही (एकत्र वाजणारा स्वरांचा मेळ) पुरी. वर दुसऱ्या तारेचा तो जाडसर आवाज फुकटात मिळतो, आणि विनवणीला तोच शोभतो.

व्हिएन्नातल्या गिटारवादक योहान कास्पार मेर्ट्झने (१८०६–१८५६) हे गाणं गिटारसाठी केलंय, संगीतकार फ्रान्झ लिस्टने केलेल्या पियानो रूपाच्या वळणाने. तिथला प्रतिध्वनीचा खेळ देखणा आहे, पण मला तो नको. ओळीनंतर शूबर्टचा पियानो सुरावटीचं शेपूट पुन्हा म्हणतो, तेवढा प्रतिध्वनी पुरे. तो उजवा हात फिंगरबोर्डकडे, म्हणजे दांड्याकडे सरकवून मऊ आवाजात वाजवेन.

साथीतले मधले स्वर मात्र बरेच गाळलेत. पहिल्या मात्रेत वर तीन स्वर आणि खाली दोन, हे सगळं राखायला गेलं की चालीचा श्वास अडकतो. तिथे अनामिकेला फक्त चाल दिली आणि अंगठ्याला खर्ज. तर्जनी जमेल तेव्हा.

शेवटचा डी मेजरचा भाग उद्या. तिथे एफ शार्प कुठल्या तारेवर घ्यायचा, ते अजून ठरलेलं नाही.