उकडीचा मोदक जलरंगात उतरवताना

उकडीचा मोदक मोदकपात्रातून बाहेर आला की त्याची लकाकी फार वेळ टिकत नाही. गार होता होता पारी सुकते, तूप थिजतं. मला जलरंगात एवढ्या घाईने काम जमत नाही, म्हणून फोटोवरून चित्र करायचं ठरवलं.

फोटो गणेश चतुर्थीला, नैवेद्य झाल्यावर काढला. केळीचं पान, त्यावर तीन मोदक, त्यातला एक फोडलेला. खिडकी डावीकडे, घरातले दिवे बंद, फ्लॅश नाही. उजेड एका बाजूने आला तरच प्रत्येक कळीची एक बाजू उजळते आणि दुसरी सावलीत जाते. समोरून आला की सगळ्या कळ्या सपाट. फोन अगदी जवळ न नेता मागे सरून झूम केलं, कारण जवळून काढलं की पुढचा मोदक फुगतो आणि मागचे उगाच लहान दिसतात.

फोटोच्या दोन प्रती छापून घेतल्या, एक रंगीत आणि एक कृष्णधवल. खरी कामाची ठरली ती कृष्णधवल. केळीच्या पानावर जिथे आभाळाचा उजेड चमकत होता, ती जागा मोदकाच्या सावलीतल्या बाजूपेक्षा चक्क उजळ होती! डोळ्याला हे पटत नाही. मोदक पांढरा आणि पान हिरवं, हे तो आधीच ठरवून बसलेला असतो.

कागद ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला ३०० ग्रॅम, म्हणजे जाड), खरखरीत पोताचा. पेन्सिलीने आधी मोदकाची उभी मधली रेघ, मग पोट, मग टोक आणि टोकापासून खाली उतरणाऱ्या कळ्या. कळ्या बोटांच्या चिमटीने पाडलेल्या असतात. त्या मापून सारख्या काढल्या तर साच्यातला मोदक दिसतो. हाताचा मोदक हवा असेल तर प्रत्येक कळी वेगळी बघावीच लागते.

रंगवायला सुरुवात पानापासून केली. जलरंगात मोदकाचा पांढरा म्हणजे कोरा कागद, आणि भोवतीचा हिरवा गडद झाल्याशिवाय तो कागद पांढरा वाटतच नाही. चित्रकार सावळाराम हळदणकरांचं हातात दिवा घेतलेल्या स्त्रीचं चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन पॅलेसमध्ये आहे, तेही जलरंगातलंच. भोवतीचा अंधार इतका नेमका आहे की बोटांमधून उजेड पाझरताना दिसतो. ते चित्र मला या कामात सारखं आठवत राहिलं.

मोदकाच्या सावलीसाठी अल्ट्रामरीन हा निळा आणि बर्न्ट सिएना हा तांबूस तपकिरी मिसळून पातळ राखाडी केला. पण फोटोत ती सावली नुसतीच मळकट दिसत होती. पुढच्या संकष्टीला आईने मोदक केले, तेव्हा एक त्याच खिडकीत, केळीच्या पानावर ठेवून बघत बसलो. बुडाशी पानाची हिरवी झाक स्पष्ट दिसली, वरच्या कळ्यांवर थोडी निळी. रंगीत प्रतीच्या कडेला तिथल्या तिथे रंगांच्या खुणा करून ठेवल्या. माझं मत आता पक्कं आहे: फोटोवरून आकार घ्यावा, रंग मात्र खऱ्या मोदकावरून.

आईने अर्धवट चित्र पाहिलं आणि म्हणाली, "पारी जाड वाटतेय रे. सारण आतून जाणवायला हवं." चित्रकलेचं शिक्षण नसलेल्या माणसाने केलेली इतकी अचूक सूचना मी कधी ऐकली नव्हती. सुकलेल्या राखाडीवर, पोटाच्या भागात, यलो ऑकरचा, म्हणजे मातकट पिवळ्याचा, अगदी पाण्यासारखा हात फिरवला. मोदक लगेच आतून भरल्यासारखा झाला.

फोडलेल्या मोदकातल्या सारणाला सगळ्यात जास्त वेळ दिला. गुळाचा तपकिरी आधी ओला सोडला, मधे खोबऱ्याच्या चवासाठी कागदाचे बारीक ठिपके राखले, आणि सुकल्यावर कोरड्या ब्रशने गडद कण टाकले. तुपाच्या थेंबाला उजेडाच्या बाजूला एक कडक पांढरा ठिपका असतो, पण पिवळा सर्वांत उजळ दिसतो तो त्याच्या विरुद्ध कडेला, कारण उजेड थेंबातून आरपार जाऊन तिथे जमतो. तेवढं साधलं की तूप पातळ दिसतं.

केशराची काडी शेवटी, सगळ्यात बारीक ब्रशने, एका दमात.