वंशाच्या रकान्यात नेमकं काय लिहायचं
आज दिवसभर सर्व्हेचा डेटा साफ करत बसले होते, संध्याकाळी डोकं पार बधिर. माझा पीएचडीचा विषय अमेरिकेतली वांशिक ओळख आणि मतदान, आणि त्यात एक ठरलेला प्रश्न असतो, की तुमच्या समाजाचं जे होईल त्याचा तुमच्या स्वतःच्या आयुष्यावर परिणाम होतो असं वाटतं का. याला ‘लिंक्ड फेट’ म्हणतात. कृष्णवर्णीय मतदार इतके एकत्र का मत देतात हे समजायला हा प्रश्न वर्षानुवर्षं वापरतात, पण आशियाई लोकांना विचारला की आधी हेच कळत नाही, ‘तुमचा समाज’ म्हणजे नक्की कोण?

एकाने वंशाच्या रकान्यात ‘तुम्हीच ठरवा’ लिहिलंय 😄 हसले, पण बरोबरच आहे ना त्याचं. १९२३ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने भारतातून आलेल्या भगतसिंग थिंद यांना तुम्ही गोरे नाही म्हणून नागरिकत्व नाकारलं, १९७० च्या जनगणनेत भारतीय गोऱ्यांत मोजले, आणि १९८० ला ‘एशियन इंडियन’ असा वेगळा रकाना आला. माणसं तीच हो!

आता त्या उत्तराला कोड कुठला देऊ? ‘इतर’ मध्ये टाकायला हात होत नाहीये. उद्या गाईडना विचारते.