हा मेसेज डिलीट केला आहे

रविवार, रात्री पावणेबारा

आज सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज टाकला आणि चार मिनिटांत काढून टाकला. विषय नेहमीचाच, टँकर. गेल्या महिन्याच्या बिलात नऊ टँकर लावलेत आणि वॉचमनच्या वहीत नोंद सहाची, वही मी स्वतः पाहिली, पार्सल घ्यायला खाली गेले होते तेव्हा उघडीच पडली होती टेबलावर. एवढंच लिहिलं होतं, कुणाचं नाव नाही काही नाही, तरी पाठवल्यावर पोटात कसंतरी झालं आणि गेलं बोट डिलीटवर.

पण काढलं म्हणून निघत नाही ना ते, तिथे ती करड्या अक्षरातली पाटी राहते. एरवी माझा मेसेज तीन ओळींपुढे गेला तर कुत्रं वाचत नाही, पण डिलीट केलेला सगळ्यांना वाचायचा असतो. दोन मिनिटांत बी विंगच्या काकूंचं "काय होतं गं?" आलंच. 2017 ला ही सोय आली तेव्हा काढायला सातच मिनिटं मिळायची, आता दोन दिवसांच्या वर मिळतात. म्हणजे घाबरायला भरपूर वेळ.

हा म्हणतो तू उगाच टेन्शन घेतेस, कोण काय करणार आहे. खरंय, कुणीच काही करणार नाही. मग ही खोड लागली कधी, याचा विचार करत बसले तर मला चक्क तारीख सापडली. 19 नोव्हेंबर 2012, सोमवार.

आदल्या दिवशी बाळासाहेब ठाकरेंची अंत्ययात्रा होती, मुंबई बंद, आमचं विरारही बंद, दूध सकाळीच आणून ठेवलेलं. दिवसभर घरात बसून फेसबुक चाळणं एवढंच काम. तेव्हा पालघरच्या एका मुलीने बंदबद्दल चार ओळी लिहिल्या, हे आदरापोटी आहे का भीतीपोटी अशा अर्थाच्या, आणि दुसरीने त्याला लाईक केलं. सोमवारी दोघींना अटक. लिहिणारीच्या काकांच्या दवाखान्याची तोडफोड झाली ती वेगळीच. मला लिहिणारीपेक्षा लाईकवालीचं जास्त लागलं, कारण मी कधी काही लिहीत नव्हते पण लाईक ढिगाने करायचे. पालघर म्हणजे आमच्या पुढची स्टेशनं, काही परदेश नाही. रात्री जेवण झाल्यावर मी गुपचूप माझे जुने लाईक्स काढत बसले होते, त्यात एक मैत्रिणीच्या बाळाच्या फोटोवरचा पण निघाला, घाईघाईत. ती अजून मधूनमधून ऐकवते.

त्या अटकेत आयटी कायद्याचं 66 अ कलम होतं, ज्यात कुणाला नुसता ताप झाला, गैरसोय झाली तरी तीन वर्षांपर्यंत आत. आता ताप कशाला म्हणायचं हे कोण ठरवणार, आमच्याकडे सकाळी सहाला येणारे गुड मॉर्निंगचे गुलाब पण तापच आहेत. 24 मार्च 2015 ला सुप्रीम कोर्टाने ते कलम अख्खंच्या अख्खं रद्द केलं, श्रेया सिंघल खटल्यात. आणि गंमत म्हणजे रद्द झाल्यावरही पोलीस त्याच कलमाखाली गुन्हे नोंदवत राहिले, वर्षानुवर्षं, शेवटी ऑक्टोबर 2022 मध्ये कोर्टाला परत बजावावं लागलं की बाबांनो हे आता नाहीये. वाचलं तेव्हा मी हसले होते. आज नाही हसू आलं, माझ्या बोटाला तरी कुठे कळलंय अजून.

अजून एक बघितलं. काकूंना "काही नाही, चुकून गेला" असं लिहायला घेतलं तर कीबोर्डने आधी वॉचमन दिला, मग वही, मग सहा. मी पुसलं पण त्याने ध्यानात ठेवलंय सगळं.

आत्ता सेक्रेटरींचा पर्सनलवर मेसेज आला, "ताई काही तक्रार होती का?" ब्लू टिक जाऊ नये म्हणून नोटिफिकेशनमधूनच वाचला. तो टँकरवाला त्यांचा साडू आहे म्हणतात, खरं खोटं देव जाणे (हे इथे लिहितेय, ग्रुपवर नाही).

उद्या खाली जाऊन वहीच्या पानाचा फोटो काढते आधी. वही अजून टेबलावर असली तर.