मातृभाषेचा रकाना

२०११च्या जनगणनेत माझ्या वाट्याला सांगली जिल्ह्यातल्या, कर्नाटकाच्या सीमेवरच्या जत तालुक्याच्या पूर्व टोकाचा, उमदीकडचा एक लमाण तांडा आला. मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत मास्तर, घरी मात्र कन्नड. आमच्या भागात याचं कुणाला नवल नाही. बाजार कन्नडात होतो, तलाठ्याकडं मराठी चालते आणि भांडण दोन्हींत.

मुदत ९ ते २८ फेब्रुवारी. तांड्यावर निम्म्या घरांना कुलपं होती, माणसं ऊसतोडीला कारखान्यांवर गेलेली. जे मुदतभर बाहेर, त्यांची मोजणी ते असतील तिथं, म्हणजे फडाजवळच्या कोपीवर व्हायची. माझ्यासाठी उरल्या म्हाताऱ्या, शेळ्या आणि एका घरात एक बाळंतीण.

ती विजापूर जिल्ह्यातल्या तांड्यावरची लेक, दहावी झालेली. सासूनं घोंगडं अंथरलं, पाणी दिलं. नाव, वय, लग्न, धर्म भराभर झालं. जातीच्या रकान्याशी अडलो.

"एस.सी. लिहा," सून म्हणाली. आम्ही दोघं नकळत कन्नडवर आलो होतो.

"इकडं तुमची जात त्यात धरत नाहीत, ताई."

ती काही न बोलता आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत जपलेला दाखला घेऊन आली. शिक्का कर्नाटक सरकारचा. ती खोटं बोलत नव्हती. कर्नाटकात लमाणी अनुसूचित जातीत आहेत. आंध्र प्रदेशात (तेव्हा तेलंगण त्यातच होतं) अनुसूचित जमातीत. महाराष्ट्रात विमुक्त जातीत, आणि विमुक्तांसाठी जनगणनेच्या तक्त्यात रकानाच नव्हता. ज्या राज्यात माणूस मोजायचा, त्या राज्याची यादी बघायची. माझ्याकडच्या यादीत ५९ जाती होत्या, तिची नव्हती.

"म्हणजे लग्न करून आले आणि जात गेली?"

जात तीच, यादी दुसरी, असं काहीतरी मी पुटपुटलो. सासू हसली. सून हसली नाही. मांडीवरच्या पोराकडं बघत म्हणाली, "आणि याची?" मी दोघांच्याही पुढं 'दोन्ही नाही'चा आकडा टाकला. पेन त्या दिवशी जरा जास्तच दाबून चालत होतं.

मग मातृभाषा. प्रशिक्षणात चहाच्या वेळी एक सहकारी म्हणाला होता, "लमाणाची हिंदी लिहून टाक, शेवटी त्यातच धरतात." पण सूचनांच्या पुस्तिकेत स्पष्ट होतं की माणूस सांगेल ते नाव पूर्ण लिहायचं, ती भाषा की दुसऱ्या कुठल्या भाषेची बोली, हे ठरवायचा अधिकार प्रगणकाला नाही. सरकारी कागदात इतका नम्रपणा क्वचित सापडतो.

"गोरमाटी," म्हातारी म्हणाली. मी लिहिलं. तिनं वाचून दाखवायला लावलं.

"आणखी कुठल्या येतात, आजी?"

"कन्नड, मराठी. तेलुगू बी येती, हैदराबादकडं रस्त्याच्या कामाला होतो दोन वर्सं."

"दोनच लिहायच्यात."

"मग तेलुगू काढ. तिकडची मजुरी बुडाली हुती."

जाता जाता तिनंच मला विचारलं, "तू कोर न्हवं? तुझी रं कुठली भाषा?" लमाण स्वतःला गोर म्हणवतात; कोर म्हणजे जो गोर नाही तो. कन्नड, म्हणालो. तिनं जरा हिशेब केला. "आन् आमच्या पोरांस्नी शिकवतूस मराठी!"

भाषांचे आकडे आले २०१८ला. देशभरातून लोकांनी मातृभाषांची १९,५६९ नावं सांगितली होती, चाळून त्यांच्या उरल्या १,३६९. मी लमाणी शोधली. बत्तीस लाखांवर माणसं, आणि ती सगळी 'हिंदी' या मथळ्याखाली. सहकाऱ्याचंच खरं निघालं. २०२२ला कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी जतच्या गावांवर हक्क सांगितला, तेव्हा कॅमेरे घेऊन आलेली मंडळी दिसेल त्याला विचारत होती, तुम्ही कन्नड की मराठी? गावांचं खरं दुखणं म्हैसाळ योजनेच्या पाण्याचं होतं, ते असो. तांड्यावर काय उत्तर मिळालं असतं, ते मला ठाऊक होतं.

पण त्या दिवसाचं अजून राहिलंय. संध्याकाळी घरी आलो. भाकरी वाढताना अव्वा म्हणाली, आज आपल्यालाही मोजून गेले, शेजारच्या शाळेच्या बाई आल्या होत्या.

"मातृभाषा काय सांगितलीस?"

"मराठी."

अव्वाला मराठीची चार वाक्यं धड जोडता येत नाहीत. हेही ती कन्नडातच सांगत होती. "तू मराठीचा मास्तर. उगीच तुझ्या नोकरीवर कशाला?"

१ मार्चपासून फेरतपासणीची फेरी होती, ५ तारखेपर्यंत. बाई ओळखीच्या. एक शब्द टाकला असता तर रकाना दुरुस्त झाला असता. मी दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवला. मग त्या उमदीच्या बाजारात समोरच आल्या. दहा मिनिटं उभं राहून टँकरच्या खेपांवर बोललो, कन्नडात.