अमेरिकेत घर विकायचंय? रंगाआधी भिंत तयार करा

अमेरिकेतल्या बहुतेक घरांच्या आतल्या भिंती विटांच्या नसतात. साधारण 16 इंचांवर उभे लाकडी स्टड, आणि त्यांवर स्क्रूने किंवा खिळ्यांनी बसवलेला अर्धा इंच जाडीचा जिप्समचा बोर्ड, म्हणजे ड्रायवॉल. आपल्याकडच्या गिलाव्याची सवय असलेला हात इथे फसतो, कारण या बोर्डाच्या दोन्ही बाजूंना कागद असतो. तो कागद भिजला, फाटला किंवा जास्त घासला गेला की त्यावरचा रंग कितीही भारी असो, भिंत खराबच दिसते.

घर विकायला काढलं की चर्चा रंग कुठला द्यायचा यावर होते. बघायला येणारा मात्र भिंतीवरून घराची निगा जोखत असतो. म्हणून सुरुवात टॉर्चने करा. संध्याकाळी खोलीतले दिवे बंद करून टॉर्च भिंतीला जवळजवळ टेकवा आणि तिरपा उजेड पाडा. दिवसा न दिसणारे फुगवटे, जुने पॅच, सांध्यांच्या रेषा लगेच उठून दिसतात. प्रत्येक ठिकाणी पेन्सिलने हलकी खूण करा. पेनाने नको, शाई रंगातून वर येते.

सगळ्यात जास्त सापडतात ते बाहेर आलेले खिळे. स्टडचं लाकूड वाळून आक्रसतं आणि खिळ्याचं डोकं रंगाखाली फोडासारखं उचललं जातं. नुसता आत ठोकून वर लांबी भरली तर तो पुन्हा बाहेर येणार. त्याच स्टडमध्ये खिळ्याच्या वर आणि खाली दोनेक इंचांवर सव्वा इंची ड्रायवॉल स्क्रू मारा, मग खिळा काढून टाका. स्क्रूचं डोकं पृष्ठभागापेक्षा किंचित आत जावं, पण कागद फाटू नये. कागद फाटला तर त्या स्क्रूची पकडच गेली.

फोटो-फ्रेमच्या बारीक भोकांना हलकं स्पॅकल, म्हणजे भोकं बुजवायची तयार लांबी, पुरतं. दाराच्या मुठीने पडलेल्या भोकावर चिकट जाळीचा पॅच लावून जॉइंट कंपाउंड (ड्रायवॉलचे सांधे भरायची लांबी) द्या. त्याहून मोठं भोक असेल तर चौकोनी कापा, मागे लाकडाची पट्टी स्क्रूने बसवा, तिच्यावर बोर्डाचा नवा तुकडा लावा आणि सांध्यांवर टेप. कापण्याआधी आत वायर किंवा पाइप नाही ना, हे पाहा. कंपाउंडचे तीन पातळ हात द्या, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद. एकच जाड थर दिला की वाळताना आकसून तडकतो. पावडरचं कंपाउंड पिशवीवर लिहिलेल्या 20, 45 किंवा 90 मिनिटांच्या आसपास कडक होतं. पहिल्या हाताला ते उत्तम, पण घासायला जड. वरच्या हातांना बादलीतलं तयार कंपाउंड वापरा. त्याला वाळायला जवळजवळ दिवस लागतो आणि तो द्यावाच लागतो. शेवटी 150 नंबरचा सँडपेपर हलक्या हाताने फिरवा.

मात्र घर 1978 च्या आधीचं असेल तर जुना रंग कोरडा घासायचा नाही. त्यात शिसं असू शकतं, आधी तपासून घ्या. शिशाच्या रंगाबद्दल माहीत असलेलं सगळं खरेदीदाराला सांगणं संघराज्याच्या कायद्यानेच बंधनकारक आहे.

आता प्राइमर, म्हणजे रंगाआधीचा अस्तराचा हात. घाईत हीच पायरी सर्रास गाळली जाते. कंपाउंड रंग जास्त शोषतं, त्यामुळे प्राइमर न दिलेला पॅच रंगाचे दोन हात होऊनही निस्तेज ठिपक्यासारखा दिसतो, विशेषतः खिडकीच्या उजेडात. पाण्याचे डाग, सिगारेटचा पिवळेपणा, दिव्याची काजळी यांना शेलॅकचा (लाखेचा) किंवा ऑइलचा प्राइमर लागतो. पाण्याच्या रंगातून हे डाग पुन्हा वर येतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवरचा तेलकट थर मात्र प्राइमरच्याही आधी डिग्रीझरने (तेलकटपणा काढणाऱ्या द्रवाने) धुवा, नाहीतर रंग सोलून निघेल.

छतावर पाण्याचा डाग असेल तर आधी गळती शोधा. नुसता डाग झाकणं मला चूकच वाटतं. खरेदीदाराने घर तपासायला नेमलेला इन्स्पेक्टर ओलावा मोजायचं यंत्र घेऊन येतो आणि एकट्या ताज्या पॅचवर त्याची नजर आधी जाते. गळती दुरुस्त झाली असेल तर पावती जपून ठेवा.

रंगाचं गणित सोपं आहे. 12 बाय 14 ची खोली, उंची 8 फूट: परिमिती 52, म्हणजे 416 चौरस फूट. एक दार आणि दोन खिडक्यांचे पन्नासेक वजा केले की 366 उरतात. दोन हातांचे 732. एक गॅलन साधारण 350 ते 400 चौरस फुटांना पुरतो, म्हणून दोन गॅलन घ्या. भिंतींना एगशेल (किंचित चमक), छताला फ्लॅट (बिनचमकीचा), दार-चौकटींना सेमीग्लॉस (बऱ्यापैकी चमकदार). भिंत खडबडीत असेल तर एगशेलऐवजी मॅट बरा, कारण चमक प्रत्येक उंचवटा दाखवते. शेड उबदार ऑफ-व्हाइट ठेवा. उत्तरेकडच्या खोलीत निळसर करडा रंग उदास दिसतो. चौकटीच्या फटींत रंग बसणारं अॅक्रिलिक कॉक (फटी बुजवायची पेस्ट) भरा. साध्या सिलिकॉनवर रंग धरत नाही.

फोटो काढायच्या निदान आठवडाभर आधी रंगकाम संपवा म्हणजे वास जाईल. उरलेला रंग डब्यातच ठेवून झाकणावर खोली, शेडचा कोड आणि तारीख लिहा. सामान हलवताना भिंतीला हमखास ओरखडे पडतात आणि ते बुजवायला तोच रंग लागतो.