अ‍ॅन्झॅक बिस्किटात पिस्ता चालत नाही

मेलबर्नच्या एका उपनगरात आमच्या ताईंची घरगुती बेकरी आहे. ताई मूळच्या साताऱ्याच्या. हाताखाली चौघी, शनिवारच्या बाजारात स्टॉल. नोकरी सांभाळून त्यांची बिलं आणि लेबलं मी बघते. यंदा एप्रिलसाठी आम्ही वेलची-पिस्ता घातलेल्या 'अ‍ॅन्झॅक कुकीज' करायच्या ठरवल्या. लेबल छापायला जाणार, तेवढ्यात ताईंनी सरकारी नियम काढून माझ्यापुढे ठेवला.

'अ‍ॅन्झॅक' हे पहिल्या महायुद्धातल्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या फौजेचं नाव; 1921 च्या नियमांनी ते इथे कायद्याच्या पहाऱ्यात आहे. धंद्यासाठी वापरायचं तर मंत्र्यांची परवानगी लागते. बिस्किटांना सूट, पण पारंपरिक कृतीपासून फार लांब जायचं नाही आणि त्यांना 'कुकीज' म्हणायचं नाही. माझं डोकंच फिरलं. ओट्स, मैदा, खोबरं, साखर, लोणी, गोल्डन सिरप, सोडा, अंडंसुद्धा नाही. त्यात चिमूटभर वेलची पडली तर कुणाच्या हौतात्म्याला धक्का लागतो? शिवाय ही बिस्किटं म्हणे युद्धकाळात बायकांनीच जत्रा-मेळ्यांत विकून सैनिकांसाठी पैसे उभे केले. म्हणजे मुळात हा आमच्यासारख्यांचाच उद्योग! आता त्यावर मंत्री बसलाय.

आणि जपतात काय, तर एक पराभव. 25 एप्रिल 1915 ला ते सैनिक तुर्कस्तानातल्या गॅलिपोलीच्या किनाऱ्यावर उतरले, आठ महिने चिकटून राहिले, आठ हजारांहून जास्त ऑस्ट्रेलियन गमावून परत फिरले. त्या दिवशी इथे दुपारी एकपर्यंत मोठी दुकानं बंद असतात, आणि पहाटेच्या अंधारात माणसं लेकरं घेऊन स्मारकापाशी उभी राहतात. कुणी ढकलाढकली करत नाही, व्यासपीठावर कुणाचा सत्कार नाही. आपल्याकडे विडीच्या बंडलावरून संभाजी महाराजांचं नाव जावं म्हणून आंदोलनं करावी लागली, तेव्हा नियमाला नाव ठेवायचा मला फारसा हक्क नाही, हेही कळतं. (इथे राहते म्हणून इथली बाजू घेतेय असं कुणी म्हणणार असेल, तर खुशाल म्हणा.)

पण राग दुसऱ्याच गोष्टीचा होता, हे ताईंशी बोलताना लक्षात आलं. गॅलिपोलीच्या पहिल्या स्मरणदिनानंतर चारच दिवसांनी, 29 एप्रिल 1916 ला, मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, कुत शहराला तुर्कांनी घातलेला वेढा शरणागतीने संपला. आत अडकलेली फौज होती ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यातली सहावी पुणे डिव्हिजन. तिच्यात 103, 110 आणि 117 क्रमांकाच्या मराठा पलटणी. उपासमारीने खंगलेले, मग तुर्कांच्या कैदेत वाळवंटातून चालवलेले. सातारा जिल्ह्यातल्या एकट्या अपशिंगे मिलिटरी गावाचे 46 जण पहिल्या महायुद्धात गेले. कुतची तारीख मला शाळेत कुणी शिकवली नाही. ताईंना मात्र माहीत होती, आजोळच्या गप्पांतून.

ताईंनी वाद घातला नाही. चौघींना बसवलं, हिशेब मांडला आणि दोन वेगळी पाकिटं ठरवली. एकात जुन्या कृतीची बिस्किटं, नावासकट नियमाप्रमाणे. दुसऱ्यात पिस्त्याची, 'सातारी ओट नानखटाई' या नावाने. मी म्हटलं, दोन लेबलं म्हणजे खर्च दुप्पट. त्या म्हणाल्या, "खर्च माझा. तू स्पेलिंग बघ."

नानखटाई आधी संपली. 25 तारखेला मात्र ताईंनी चौघींना पगारी सुट्टी दिली आणि 29 ची ऑर्डर घेतलीच नाही. गिऱ्हाइकाने कारण विचारलं तर मी काय सांगायचं, ते अजून ठरलेलं नाही.